खड्ड्यातले परीक्षक

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आले. खोटं कशाला बोलू... मी मृदाशास्त्र शिकवते. जे हाताला लागत नाही त्यावर विश्वास ठेवायची मला सवयच नाही. तरी आज लिहितेय, कारण डोकं तापलंय. भुतानं नाही, माणसांनी तापवलंय.

आमचं खाजगी विद्यापीठ बारामती-इंदापूर रस्त्याला आहे. नाव घेत नाही, नोकरी आहे अजून. आवार एवढं मोठं की नवी मुलं पहिला आठवडा वर्ग शोधण्यातच घालवतात. दगडी कमान, कारंजं, एसी सभागृह, गेस्ट हाऊस – काही म्हणून कमी नाही. माहितीपत्रकात ठळक छापलंय, 'मृदाशास्त्र ही आमची खास ओळख'. ती ओळख म्हणजे आंब्याच्या बागेपलीकडे, उसाच्या कडेला खणलेला एक खोल खड्डा! त्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात – वर काळी, मध्ये चुनखडीचे खडे, तळाला मुरूम. प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा तिथेच व्हावी हा माझा हट्ट. बाहेरून येणारे परीक्षक तो कधी मानत नाहीत. बूट खराब होतात ना! गेस्ट हाऊसवर मटण जेवायचं, दोन प्रश्न विचारायचे, सही ठोकायची, झालं.

याच तोंडी परीक्षेत आमची आफरीन दोनदा नापास झालेली. पळसदेवची पोर. धरणाचं पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात पेरणी करणारं घर. लेखी पेपर उत्तम, पण साहेबांनी इंग्रजीत प्रश्न फेकला की तिची दातखीळ बसते. बारामती एमआयडीसीतल्या एका माती तपासणी प्रयोगशाळेनं तिला नोकरी देऊ केली होती. एवढा विषय सुटला की रुजू व्हायचं, असं ठरलेलं.

परीक्षेच्या सकाळी मुलांना घेऊन खड्ड्यापाशी गेले, तर एक गृहस्थ आधीच खाली उतरलेले. साठीच्या आसपासचे, पांढरा हाफ शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, हात मातीनं माखलेले. मला वाटलं, नवे परीक्षक लवकर आले. आनंदच झाला हो!

"सर, आधी चहा घेता का?"

"आधी पोरं," ते म्हणाले.

एकेकाला ते खाली बोलवायला लागले. शिडी डुगडुगत होती, म्हणून मी वर ती धरून उभी. आफरीनची पाळी आली. उतरली, आणि नेहमीसारखी गप्प.

"गाव कुठलं, पोरी?"

"पळसदेव."

"मग गाळ तुझ्या वळखीचा हाय. ही माती घे हातात. पुस्तकातलं नगं, हाताला काय कळतंय त्ये सांग."

तिनं माती ओली केली, बोटांत चोळली. "चिकट हाय सर... पर आमच्या गाळावानी न्हाय. आमचा गाळ वरनं भेगाळतो, आत वल टिकून ऱ्हाती. हितं पाणी जास्त झालं तर खाली निचराच न्हाय. मीठ वर येणार."

"व्हय. फुडं?"

आणि पोरगी बोलतच सुटली! चुनखडी, निचरा, उसाला पाणी किती नि कधी... इतक्या वर्षांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. माझेच डोळे भरून आले. शेवटी ते म्हणाले, "पास हाय ही. लिवा मॅडम."

आफरीन वर आली आणि माझा फोन वाजला. एक हात शिडीवर ठेवूनच उचलला. "मॅडम, मी बाह्य परीक्षक बोलतोय. शेळगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलोय, तासभर तरी लागेल."

मी खाली पाहिलं. खड्डा रिकामा!

शिडी माझ्या हातात. चारी कडांना मुलं उभी. तळाच्या ओल्या मातीत अनवाणी पावलांचे ठसे अगदी स्पष्ट होते, पण शिडीकडे येणारा त्यातला एकही नव्हता. मुलांनाही विचारलं. त्यांना वर येताना कुणीच पाहिलं नव्हतं.

पुढचं ऐका. एवढं घडलं तर विद्यापीठानं काय करावं? कुणी नारळ फोडले, कुणी रील काढले, आणि चौकशी समितीनं मला विचारलं, "ओळखपत्र पाहिलं होतं का?" सकाळची परीक्षा तर त्याच दिवशी रद्द झालेली. खरे परीक्षक दुपारी गेस्ट हाऊसवर टेकले आणि तिथंच नव्यानं तोंडी घेतली. आफरीन धीर करून म्हणाली, "सर, खड्ड्यापाशी चला, तितं सांगते." ते हसले, स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि इंग्रजीत प्रश्न विचारला. ती गप्प. नापास! प्रयोगशाळेनं दुसऱ्याला घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. वर शांतीच्या नावाखाली पूजा घालून, जेसीबी लावून खड्डा बुजवला. एवढ्या अवाढव्य आवारात माती शिकवायची एकच जागा होती, तीही घालवली.

आफरीन परवा भेटली. "मॅडम, त्या दिशी मी पास झालते नव्हं?"

"झाली होतीस."

"मग बास."

तिला बास असेल, मला नाही. ते कोण होते, कुठून आले, कुठं गेले... आजही मला सांगता येत नाही. कारण शोधून शोधून थकले. तुम्ही भूत म्हणा, भास म्हणा, मला वेडी म्हणा. पण पोरीचं नीट ऐकून घेऊन त्यांनी तिला पास केलं होतं. तेवढं तिला द्या.