फलकावरचं पोट

धक्क्यावरच्या निळ्या फलकावर पाण्यात पडणारा जो जाडा माणूस आहे, तो मी. काढला माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने. त्याला सगळे पेंटर म्हणतात, माझी बहीणसुद्धा.

पेंटर तसा गरीब स्वभावाचा, पण चित्राच्या बाबतीत महाछळवादी. बंदर कार्यालयाने ठरवलं की फलकांवर अक्षरं नकोत, नुसती चित्रं हवीत, कुठल्याही मुलखातल्या प्रवाशाला कळतील अशी. तेव्हापासून त्याने आमचा जीव खाल्ला. जेवताना ताटाशेजारी कागद सरकवायचा आणि विचारायचा, हे काय? उत्तर देईपर्यंत भाजीचं भांडं स्वतःकडे धरून ठेवायचा. चुकलं तर रागवायचा नाही. माणूस चुकत नाही, चित्र चुकतं, असं म्हणून कागद फाडायचा आणि नवा काढायला बसायचा.

चुका तरी काय एकेक! बुडताना घालायचं जाकीट काढलं, तर लोक म्हणाले इथे शिंपी बसतो. संकटात जमायची जागा म्हणून चार माणसं आणि चहूबाजूंनी बाण काढले, तर बहीण म्हणाली, या चौघांना पकडायला आलेत वाटतं. कडेवरून घसरणारा माणूस त्याने कार्यालयाच्या नमुन्यावरून हुबेहूब काढला, तर निम्म्या धक्क्याला वाटलं इथे पोहायची सोय आहे. एका गृहस्थाने माझ्या खिडकीशी येऊन टॉवेल मागितला. मी लाँचची तिकिटं विकतो.

त्याच सुमारास मी पाण्यात पडलो. लोक कडेला गर्दी करत होते, म्हणून मी छत्री घेऊन खिडकी सोडून बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर उभा राहून ओरडू लागलो, मागे व्हा, मागे व्हा. ते काही हलेनात. कसं व्हायचं ते दाखवायला मी स्वतः मागे झालो. माझ्या मागे पाणी होतं.

कठडा रंगवत असलेल्या पेंटरनेच शिडी खाली सोडून मला वर काढलं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण पुढच्याच आठवड्यात तिथे नवा फलक लागला आणि त्यावर माझं पोट, माझी छत्री, माझं टक्कल. पोट तर वाढवूनच काढलेलं. लोक फलक बघायचे, मग खिडकीत मला बघायचे आणि तिकीट घेताना विचारायचे, पाणी थंड होतं का हो? मी पेंटरशी बोलणं टाकलं. बहिणीने दोनदा जेवायला बोलावलं, गेलो नाही.

मग कार्यालयातून एक मॅडम तपासणीला आल्या. रांगेतल्या दहा जणांना या चित्राचा अर्थ विचारणार. दोन चुकले तर चालतील, तिसरा चुकला की हाताने रंगवलेले फलक बंद, तयार छापील लागणार. म्हणजे पेंटरचं धक्क्यावरचं काम संपलं. दुसरं काम त्याला नाही, बहिणीचं घर यावरच चालतं.

सात जणांनी बरोबर सांगितलं. एक बाई म्हणाली, इथे नाचू नये. एक म्हातारा म्हणाला, वारा फार असतो. तेवढ्यात लाँच सुटली, धक्का रिकामा झाला आणि दहावा माणूस उरला नाही. मॅडम खिडकीशी आल्या.

पेंटर तिथेच होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने पाठ फिरवली. खुणेने सांगितलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. या माणसाचा हा स्वभाव मला आयुष्यभर नडला आहे.

आता नुसतं 'पोहायची जागा' म्हटलं की फलक उतरला असता आणि माझी सुटका झाली असती. खरं सांगतो, ते शब्द ओठांवर आले होते. पण ती पाठ काही वळेना.

मी म्हणालो, "कडेला उभं राहिलं तर माणूस पाण्यात पडतो."

"इतक्या खात्रीने सांगताय?" मॅडमनी विचारलं.

"तो माणूस मीच आहे."

मॅडमनी फलकाकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी पेंटर रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, पोट कमी करून देतो."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला एक माणूस अगदी कडेला जाऊन उभा राहिला. त्याने फलक बघितला. मग खिडकीत मला बघितलं. तो चांगला चार पावलं आत आला आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"राहू दे," मी पेंटरला म्हणालो. "मग मला ओळखणार कसे?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो.