बापूचं धुकं

आज सकाळी कौलातून कवडसा घरात उतरला आणि, शपथेवर सांगतो, जमिनीवर पोचण्याआधीच मेला. काजळीनं त्याला गिळलं. शेजारच्या वीटभट्टीत बापू जुने टायर जाळत होता. कुंपणावरून जाब विचारला, तर म्हणतो, "धुकं आहे हो, मास्तर!"

"अरे लबाडा, धुकं म्हणजे पाणी. ते उजेड उधळतं, म्हणून पांढरं दिसतं. काजळी म्हणजे कोळसा. ती उजेड खाते, म्हणून काळी!"

कण ज्याचा बनलेला, तसा तो उजेडाशी वागतो. माणसांचंही तेच. बापूला अख्खा सूर्य वाढला, तरी हा गिळून वर ढेकर देईल.

तेवढ्यात आत बायकोला पुन्हा धाप लागली. तिच्या छातीतली शिट्टी कुंपणापर्यंत ऐकू आली. बापू चपापला.

"डॉक्टरांना बोलावू का, मास्तर?"

"डॉक्टर कशाला, बापू? धुकंच ना ते? ऊन चढलं की जाईल तिच्या छातीतून."