साहेब, घूस आलीय

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या मढवींची सून मेघाली गेली दोन वर्षं घूस काढते. चित्रातली घूस. खरी घूस बिळातून काढायला त्या घरात कोणी वाकत नाही, कारण शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून सगळे शेठ झालेत. तिचा नवरा प्रितम तर सकाळी शर्ट इस्त्री करून ओट्यावर बसतो, दुपारी जेवून परत ओट्यावर बसतो, आणि संध्याकाळी दमतो.

मी मेघालीची मावशी. शिकायला ती धामणकर नाक्याला माझ्याकडेच राहायला होती, तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलायचा हक्क माझाच. पोरगी तशी मुकी. बोलायचं असेल तर वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवणार. एकदा आमच्या घरमालकाचं चित्र काढलं, हुबेहूब घुबड. तो ते बघून बोलला, "वा, पक्षी छान काढते मुलगी."

बारावीनंतर ती एका डिझाईनवाल्याकडे लागली. लूमवरच्या कापडाच्या काठाला पोपट, मोर, कोयऱ्या उठतात ना, ती सगळी नक्षी आधी कोणालातरी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावी लागते. मेघालीने अकरा वर्षं पोपट काढले. पोपटाची मान जरा वळवली की शेठ बोलायचा, "गर्दन सीधी रख, धागा टूटता है." डोळा मोठा केला की, "आँख छोटी कर." अकरा वर्षांत एकाही पोपटाने तिच्या मनासारखं कुठे बघितलं नाही.

पण एक गोष्ट ती तिथे पक्की शिकली, रिपीट. ओळीतला शेवटचा पोपट पहिल्या पोपटाला केसाइतका जुळला पाहिजे. नाही जुळला तर कापडावर दर हातभर अंतरावर एक शेपूटतुटका पोपट येतो, आणि तसल्या साड्या मग नाक्यावर ढीग लावून विकतात. माझ्याकडे तीन आहेत.

पुढे चौकटीचा कागद गेला, कॉम्प्युटर आला, मग डिझाईनवालाच गेला, आणि तिला भाविकशेठ भेटले.

भाविकच्या बापाचा टॉवेलचा धंदा. नीट चाललेला. हा ठाण्याला कुठल्या तरी सेमिनारला गेला, तिथे कोणी सांगितलं की आता 'कंटेंट'मध्ये स्कोप आहे. कंटेंट म्हणजे काय ते त्याला आजही सांगता येत नाही, विचारलं की हवेत हात गोल फिरवतो. गोदामाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, त्याने बारा कॉम्प्युटर मांडले, एक एसी लावला, भिंतीवर इंग्रजीत 'मोठा विचार करा' असं लिहून घेतलं आणि दाराला पाटी ठोकली, 'गुलगुल टून्स'. खाली ट्रक मागे घेताना जो टूंटूं आवाज करतात, तो त्याच्या पहिल्या तिन्ही कार्टूनांत मागून ऐकू येतो. राक्षस मेला तरी टूंटूं, राजकन्येचं लग्न झालं तरी टूंटूं.

मग त्याला एका चॅनेलकडून मालिकेचं काम मिळालं. मुलांची मालिका, गुप्तहेर प्राण्यांची. कुत्रा इन्स्पेक्टर, कोंबडा हवालदार आणि त्यांच्या नाकावर टिच्चून चोर पकडणारा एक मुख्य हेर. तो हेर कोण, यावर गुलगुल टून्समध्ये मीटिंग बसली.

"पांडा," भाविक बोलला. "पांडा चालतो."

"कुठे चालतो? खाडीपुलावर?" मेघालीने विचारलं. मुकी पोरगी, पण वेळेला बोलते.

"मार्केटमध्ये चालतो ग."

"शेठ, आपल्याकडे चोरी झाली की आधी कोणाचं नाव घेतात?"

सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं, कारण उत्तर खालच्या मजल्यावरच होतं. गोदामात काही गायब झालं की सुपरवायझर सांगतो, घुशीने खाल्लं. बिस्किटं घुशीने खाल्ली, चादरी घुशीने खाल्ल्या. गेल्या दिवाळीत दोन मिक्सर घुशीने खाल्ले, भांड्यांसकट. मेघाली बोलली, "जिच्यावर सगळे आळ घेतात, तीच खरा चोर शोधून काढते. आपली हेर घूस."

आणि तिने चित्र पुढे सरकवलं. जाडजूड घूस, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, मान पुढे, नाक त्याच्याही पुढे, बारीक डोळे. कोणी कुजबुजलं की ते नाक तिकडे वळणार. आख्ख्या स्टुडिओत हसू फुटलं, कारण काल्हेरात हे ध्यान ओळखीचं आहे. मेघालीची चुलतसासू धोंडूबाई, जिला सगळी आळी काकी म्हणते. काकीचं घर शेजारी, पण राहते ती सगळ्यांच्या घरात. कोणाच्या टोपात काय शिजलं, कोणाची सून कधी उठली, कोणाच्या दारात कुठल्या नंबरची गाडी आली, सगळं तिला तोंडपाठ. गॅसचं सिलिंडर हरवलं तर लोक आधी काकीकडे जातात. त्यांना ते मिळतंही.

काकीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं मत ठरलेलं. "शिकलेली पोर, नि दिसभर उंदीर काढीत बसतं. घरात काय कमी हाईत?"

संवादही मेघालीनेच लिहिले, कारण भाविकला लेखक परवडत होता पण पटत नव्हता. तिने कुठे लांब जाऊन लिहिले नाहीत. प्रितम ओट्यावर बसून जे ओरडतो ते कोंबड्याच्या तोंडी घातलं, काकी जे बोलते ते घुशीच्या. आणि घूस चालवायचं काम इतर पोरांना तीन आठवडे जमेना, दर चार पावलांनी घूस ठेचकाळायची. मेघालीने पावलं मोजली, शेवटचं पाऊल पहिल्याला पोपटासारखं जुळवलं, आणि दोन दिवसांत घूस पदर सावरत अशी चालली की मी स्क्रीनसमोर बसून बाजूला सरकले.

त्या दिवशी तिने मला सांगितलं, "मावशी, अकरा वर्षं दुसऱ्याच्या मापाचे पोपट काढले. ही एक माझी आहे. हिला काढून टाकलं ना, तर मी परत पेन्सिल धरणार नाही."

मी म्हटलं, बघू. मला वाटलं उगाच बोलते. पण तिचा चेहरा उगाच बोलण्याचा नव्हता.

मालिका मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे दाखवायची होती. हिंदी कोण करणार? भाविक बोलला, "त्याला माणूस कशाला पाहिजे? आपण चोवीस तास हिंदीच तर बोलतो." आणि त्याने स्वतः बसून केली. हिंदी म्हणजे काय, 'आहे'चं 'है' करायचं.

चॅनेलकडून पूर्वी मॅडम आल्या. रस्त्यात ट्रकांच्या रांगेत दोन तास उभ्या होत्या, त्यामुळे येतानाच पेटलेल्या. भाविकने एसी वाढवला, काजूकतली ठेवली, पहिला भाग हिंदीत लावला.

पडद्यावर पोलीस चौकी. कोंबडा हवालदार सलाम ठोकतो.

"साहब, घूस आई है. अंदर ले लूँ?"

कुत्रा इन्स्पेक्टर इकडेतिकडे बघतो. "ले ले. लेकिन पीछे के दरवाज़े से. लोग देख रहे हैं."

पूर्वी मॅडमच्या हातातली काजूकतली हातातच राहिली.

घूस मागच्या दाराने येते, पदर खोचते. "मैं घूस हूँ. जहाँ कोई नहीं पहुँचता, वहाँ मैं पहुँचती हूँ."

मग गाणं. "घूस आई, घूस आई, सारी मुश्किल दूर भगाई." आणि शेवटी घूस थेट मुलांकडे बघून प्रेमाने सांगते, "बच्चो, कभी भी फँस जाओ, तो घूस को याद करना."

खालून टूंटूं.

"भाविक जी," मॅडम फार हळू बोलल्या, "ये बच्चों का शो है?"

"हाँ मॅडम, सहा ते दहा वर्षं."

"और आप उनको रिश्वत सिखा रहे हैं?"

भाविकला पहिल्यांदा कळलंच नाही. मेघालीलाही नाही. आणि यात त्यांची चूक म्हणावी तर सगळ्या भिवंडीची आहे. हिंदीत घूस म्हणजे लाच, आणि हिंदी इथे सगळ्यांना येते, पण त्या वस्तूला इथे घूस कोणी म्हणतच नाही. चायपानी म्हणतात, मिठाई म्हणतात, 'साहब का देख लेना' म्हणतात. इतकं सभ्य गाव. त्यामुळे घूस म्हटलं की आम्हाला एकच आठवते, मोरीतली.

मॅडमना समजावलं की ही घूस म्हणजे प्राणी आहे, मोठा उंदीर. त्या बोलल्या, प्राणी असो की पक्षी, टीव्हीवर पोलीस चौकीत घूस मागच्या दाराने आत जाणार नाही. सोमवारपर्यंत दुसरं काहीतरी दाखवा, नाहीतर काम दुसऱ्या स्टुडिओला जाईल.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत भाविक वळला. "मी बोललो होतो. पांडा."

"शेठ, नाव बदलू. प्राणी ठेवू," मेघाली बोलली.

"काय नाव? विचार कर. सोमवारी सकाळपर्यंत नाव दे, नाहीतर मी पांडा पाठवतोय." आणि त्याने इंटरनेटवरून पांडा उतरवायलाही घेतला.

तिने दोन दिवसांत चाळीस नावं काढली. मूषकी, टुणटुणी, चुचुंद्री, मिस नाकवाली. भाविकने एकेक वाचून बाजूला केलं. नाकवालीवर तर त्याची बायको रुसली. रविवारी दुपारी मी काल्हेरला गेले, तर बाई स्वयंपाकघरात कागद समोर घेऊन बसलेली. पेन्सिलीचा डबा दोरी बांधून कपाटावर ठेवलेला. चहा मीच टाकला.

"किती वाजता पाठवणार तो?" मी विचारलं.

"उद्या नऊला. पांड्याला टोपी पण घातलीय त्याने."

तेवढ्यात बाहेरून ओट्यावरच्या शेठचा, म्हणजे प्रितमचा, आवाज आला. पुढच्या जाळीच्या दाराला आतून कडी होती, आणि जाळीतून हात घालून ती काढायची म्हणजे त्याला उठून वीस पावलं चालावं लागलं असतं.

"मेघे, काकी आलीय. आत घेऊ का?"

त्याच्या मागोमाग धोंडूबाईचा. "मना काय इचारून घेतस रं? ऱ्हा तू बसून. मी मागच्या दारानं जातंय."

आणि गेलीच. मोरीच्या बाजूने वळून, पदर कमरेला खोचत, नाक पुढे करून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. चहाच्या पातेल्यात बघितलं, माझ्या पिशवीत बघितलं, कपाटावरच्या डब्याकडे बघितलं. "ह्यो डबा वरती कशाला बांधलास? कोन चोरतंय पेन्सिली?"

मेघाली तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे. मग तिला एवढं हसू आलं की चहा उतू गेला तरी कोणी गॅस बंद केला नाही. शेवटी काकीनेच केला.

"काय झालं हिला?" काकीने मला विचारलं.

"काही नाही. रिपीट जुळलं," मी म्हटलं.

"काय बोलतं, कलत न्हाय," असं म्हणून काकी फ्रिज उघडायला गेली.

काकी. मराठीत काकी, हिंदीतही काकी. दोन्हीकडे एकच अर्थ, आणि आजवर कोणत्याही साहेबाने मागच्या दाराने काकी घेतली म्हणून नोकरी घालवली नाही. मेघालीने स्टूल घेतलं, डबा खाली काढला, दोरी सोडली. रात्रीच्या जेवणाआधी सगळा पहिला भाग बदलून झाला, आणि बदलायचं काय, एक शब्द. "साहब, काकी आई है. अंदर ले लूँ?"

सोमवारी पूर्वी मॅडमनी फोनवर ऐकलं आणि बोलल्या, "ये रिलेटेबल है." चॅनेलवाल्यांकडे काका-काकू असोत की भाऊ-बहीण, काहीही आवडलं की 'रिलेटेबल' हा एकच शब्द आहे. भाविकने लगेच सगळीकडे सांगून टाकलं की काकी ही आयडिया मुळात त्याचीच, पांडा तो फक्त टीमचा जोश वाढवायला म्हणत होता. टोपीवाला पांडा त्याने तसाच ठेवलाय, पुढच्या मालिकेला. त्याला कोणी अडवू नये. पांडा चालतो.

पहिला भाग रविवारी सकाळी दहाला लागला. मढवींच्या हॉलमध्ये अख्खी आळी. सगळ्यांना माहीत होतं पडद्यावर कोण येणार ते, एकीला सोडून, आणि ती सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसलेली. मेघाली दाराच्या चौकटीला टेकून उभी, तोंडात ओढणीचं टोक.

कोंबड्याने सलाम ठोकला. प्रितम खुश होऊन बोलला, "हे माझं वाक्य." कोणी लक्ष दिलं नाही.

मागचं दार उघडलं. घूस आत आली, आणि तिने पदर कमरेला खोचला. हॉलमध्ये, त्याच क्षणाला, धोंडूबाईनेही खोचला. मी खोटं सांगत नाही. मागे कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळालं.

घुशीने एकेकाचे डबे उघडले, एकेकाच्या टोपात नाक घातलं, सुपरवायझरच्या घरातून दोन्ही मिक्सर बाहेर काढले. वीस मिनिटं काकी हलली नाही. गाणं संपलं. सगळे तिच्याकडे बघतायत, आणि मेघालीचा जीव ओढणीत.

काकीने वळून सुनेकडे बघितलं.

"चांगली काढलीस," ती बोलली. "पन बाई लय चोंबडी हाय. असली शेजारीन आपल्याला नको."

मेघालीने मान हलवली. "नाही काकी. नको."

"पुना कवा येतं ती?"

"पुढच्या रविवारी, दहाला."

"मंग मी साडेनवालाच येतंय. नि ह्याला सांग," काकीने प्रितमकडे बोट केलं, "कडी काढून ठेव. दर टायमाला मागच्या दारानं यायला मी काय घूस हाय?"