आडनाव टेम्पोत ठेवून

पायी चालणाऱ्याच्या पायजम्याला कुसळं चिकटतात, तसे किस्सेही चिकटतात. चालताना कळत नाही. घरी येऊन निवांत बसलं, की एकेक टोचायला लागतं!

मी राजापेठेत भूगोलाची ट्यूशन घेते. दिवाळी झाली की आठ दिवस क्लासला कुलूप लावते आणि दहा-बारा अनोळखी पोरापोरींना घेऊन तेल्हाऱ्याहून चिखलदऱ्याला चालत जाते. पालक बोंबलतात. बोंबलू देत. वीस वर्षं नकाशावर बोट फिरवून सातपुडा शिकवला, आता पाय फिरवून शिकवते! जंगलात पायी फिरायला परवानगी नसते, म्हणून आमची वाट डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं जाते. शेतांचे धुरे, म्हणजे बांध, कालव्याचे काठ आणि मधली गावं.

फॉर्मवर मी एकच रकाना ठेवलाय, "का येताय?" बहुतेक सगळे लिहितात, "स्वतःला शोधायला." गेल्या खेपेला एकानं लिहिलं होतं, "घरी पाहुणे आहेत." मी त्याला सगळ्यात आधी घेतलं.

*

आमचा नियम एकच. पहिल्या दिवशी नाव, आडनाव, गाव, नोकरी सगळं सोडायचं. आठ दिवस झाडाचं नाव लावायचं आणि शेवटच्या संध्याकाळी, चिखलदऱ्याला, वाटलं तर आपण कोण ते सांगायचं. कोणी साग होतं, कोणी पळस, कोणी बाभूळ.

आमचा टेम्पो रामभाऊ चालवतात. मूळचे तेल्हाऱ्याचे. सामान तेच वाहतात, स्वयंपाक तेच करतात आणि अपमानही तेच करतात. नियम समजावताना ते मध्येच म्हणाले, "थोडक्यात काय पोट्टेहो, बॅग टेम्पोत अन् आडनावबी टेम्पोत! वापस पाहिजे असन तर आठव्या दिवशी मांगून घ्या."

एका मुलीनं गुलमोहर हे नाव घेतलं. रामभाऊंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढं लांब नाव घेऊन हाका मारू का भात शिजवू?" त्या क्षणापासून ती गुल्लू झाली.

*

पहिल्याच गावात गुल्लू एका ओसरीवर पाणी प्यायला थांबली. म्हातारीनं तांब्या दिला आणि आमच्याकडे पाण्याबरोबर जो प्रश्न येतोच तो विचारला. "कोनाची वं तू?"

गुल्लू नियमाची पक्की. म्हणाली, "मी कुणाचीच नाही आजी. मी स्वतःला शोधतेय."

म्हातारीनं तिला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि आत हाक मारली, "सुनबाई, पोरगी हरवली हाय! पोलीस पाटलाले फोन लाव! अन् चहा ठेव आधी!"

मी मागून पोचले तोवर पोलीस पाटील मोटरसायकलवरून आले होते, सरपंच आले होते, आणि गुल्लू दुसरा चहा पीत होती. मला बघून म्हातारी कडाडली, "तुमी काय हो हिच्या? एवढी सोन्यासारखी पोरगी, तिले सोताचा पत्ता माईत नाही, अन् तुमी तिले उन्हात हिंडवून राहिल्या?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमी तीन सवाल इचारतो. कोन गावची, कोनाची, मामा कुठचे. चवथ्या सवालाची पाळीच येत नाही. तुमाले आठ दिवस कायले लागतात?"

*

बाभूळ हा नाशिकचा मुलगा. पहाटे ध्यान करायचा. सूर्य उगवायच्या आधी उठायचा आणि तुरीच्या शेताच्या कडेला, कुणाचा त्रास नको म्हणून जरा आडोशाला, पाण्याची बाटली शेजारी ठेवून डोळे मिटून बसायचा. आता पहाटेच्या वेळी, तुरीच्या आडोशाला, बाटली घेऊन बसलेला माणूस आमच्या भागात काय करत असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं!

शेतकरी आला. खाकरला. बाभूळ हलला नाही. शेतकऱ्यानं सभ्य माणसासारखी पाठ फिरवली आणि म्हणाला, "होऊ द्या, होऊ द्या. घाई नाही."

पंधरा मिनिटांनी तो परत आला. बाभूळ तसाच. आता मात्र त्याला काळजी वाटली. तो थेट रामभाऊंकडे आला. "तुमच्यातलं एक पोरगं लय वेळचं बसून हाय. इसबगोल हाय काय तुमच्यापाशी?"

त्या दिवसापासून बाभूळ आमच्या टेम्पोच्या टपावर ध्यान करायला लागला.

*

तिसऱ्या दिवशी आमचं मौन असतं. सकाळभर कुणी एक शब्द बोलायचा नाही, एका ओळीत, मान खाली घालून चालायचं. कल्पना माझीच होती, म्हणून दोषही माझाच.

वऱ्हाडात गावातून जाताना समोरच्यानं "राम राम" म्हटलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं फक्त एकाच वेळी चालतं. आम्ही बारा जण खाली मान घालून अकोटच्या अलीकडच्या एका गावात शिरलो. पारावरचा माणूस म्हणाला, "राम राम." आम्ही गप्प. दुसरा म्हणाला. आम्ही गप्प. चहावाल्यानं रेडिओ बंद केला. एकानं डोक्यावरची टोपी काढली. सायकलवर चाललेला उतरला आणि सायकल हातात धरून उभा राहिला.

गावाबाहेर पडल्यावर मी मागे वळून पाहिलं. आम्ही बारा होतो, ते पंचवीस झाले होते! गावातली तेराएक माणसं आमच्या मागे, तितकीच गप्प, चालत येत होती. त्यातल्या एका आजोबांनी मला गाठलं आणि अगदी हळू विचारलं, "बाई, मयत पुढं गेली काय?"

मौन मोडलं. मी खरं ते सांगितलं. आजोबा म्हणाले, "मंग बोला ना बाप्पा! जित्या मान्सानं एवढं गप राहू नाही."

*

आता पळस. हा मुलगा पहिल्या दिवसापासून माझ्या नजरेत भरला होता, कारण त्याच्या पायात सगळ्यात महागडे बूट होते आणि सगळ्यात जास्त तोच लंगडत होता. रामभाऊ रोज विचारायचे, "बूट चालवून राहिले तुले, का तू बुटाले?"

रोज सकाळी ठीक नऊला पळस आमच्यापासून लांब जायचा आणि फोन लावायचा. दुसऱ्या दिवशी मी मागून चालले होते, म्हणून कानावर पडलं. "हो बाबा, ऑफिसात पोचलो. हो, डबा घेतलाय." नेमका तेवढ्यात शेजारचा बैल हंबरला. पळसनं फोनवर हात ठेवला, मग म्हणाला, "ते होय? ते ट्रॅफिक आहे, बाबा."

तिसऱ्या दिवशी मौन चोरून फोन केला, तर मोर ओरडला. चौथ्या दिवशी शेळ्यांचा अख्खा कळप! "इथं एक मीटिंग चालू आहे बाबा," असं तो म्हणाला आणि मला हसू आवरेना. त्यानं मला पाहिलं. त्याला मात्र हसू आलं नाही. तो कालव्याच्या काठावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

वडिलांची संत्र्याची बाग. हा एकुलता एक. पुण्याला कंपनीत लागला तेव्हा वडिलांनी गावभर पेढे वाटले होते. चार महिन्यांपूर्वी त्यानं नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही. "ताई, रोज सकाळी त्या लिफ्टमध्ये शिरताना वाटायचं, वर माझ्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी जाऊन बसणार आहे." घरी सांगायचं धाडस होईना. दिवाळीलाही रजा नाही म्हणून सांगितलं आणि गेला नाही. आईवडिलांची तेवढी एक दिवाळी त्याच्याविना गेली, हेच त्याला सगळ्यात खात होतं. "आठव्या दिवशी सांगतो बाबांना. चिखलदऱ्याहून."

मी म्हटलं, सांग. मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती, दोन्ही एकदम.

*

पाचव्या दिवशी पुढच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. वाट बदलावी लागली. रामभाऊंच्या ओळखी तर गावोगावी. त्यांनी फोन फिरवले आणि रात्रीच्या जेवणाला ऐटीत जाहीर केलं, "उद्याचा मुक्काम अंजनगावच्या पुढं, विठ्ठलरावच्या संत्र्याच्या बागेत. रोडगे करून राहिले ते आपल्यासाठी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पळसच्या हातातला घास हातातच राहिला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ते माझे बाबा आहेत."

आम्ही नाव-गाव लिहून घेत नाही, त्याचं हे फळ! तो म्हणाला, मी टेम्पोत झोपून राहतो. रामभाऊंना एव्हाना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "झोपून काय होते? रोडग्याचा वास टेम्पोत येते. पोट उठवून आनन तुले." मी एवढंच म्हटलं, की टेम्पोत लपणारा माणूस माझ्याबरोबर चालणार नाही. तोंडावर दुपट्टा बांध हवा तर, पण चालत ये.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आम्ही बागेत पोचलो. पळस सगळ्यात शेवटी, डोळे तेवढे उघडे. विठ्ठलराव उंच, काटक माणूस. गोवऱ्यांच्या आरात गव्हाच्या पिठाचे रोडगे भाजत होते. "घरची अकोल्याले बहिनीकडं गेली हाय," म्हणाले, "म्हनून वांग्याच्या भाजीत तिखट माह्या हातचं हाय. सांभाळून घ्या."

बागेतलं कुत्रं आम्हाला पाहून असं भुंकलं, की बाभूळ संत्र्याच्या झाडावर चढायच्या बेतात होता. मग ते एकदम थांबलं, ओळीच्या शेवटी पळत गेलं, आणि पळसच्या पायांवर लोळून कुईकुई करायला लागलं.

विठ्ठलरावांनी कुत्र्याकडे पाहिलं. दुपट्ट्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हणाले, "काका, आमच्यात ना, कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही."

"नाही इचारत," ते म्हणाले आणि रोडगा उलटवला. "थे कुत्रं तसंच हाय. कोनाच्याबी पायात लोळते."

पंगत बसली. तोंड बांधून जेवता येत नाही, हे पळसच्या लक्षात पत्रावळ समोर आल्यावर आलं. त्यानं दुपट्टा सोडला आणि मान इतकी खाली घातली, की नाक वरणात बुडेल. विठ्ठलराव वाढत आले. प्रत्येकाच्या पत्रावळीवर रोडगा फोडून द्यायचे, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. पळसपाशी आले. रोडगा फोडला, तूप घातलं. भाजी वाढली नाही. पळस वांगं खात नाही, हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे गेले, पंगत संपवली, आत जाऊन गुळाचा खडा आणला, तो त्याच्या पत्रावळीवर ठेवला आणि पाणी वाढायला निघून गेले.

सकाळी निघालो. विठ्ठलरावांनी सगळ्यांच्या हातात दोन-दोन संत्री दिली, पळसच्याही दिली. "राम राम," म्हणाले. आम्ही सगळे ओरडलो, "राम राम!" पळस तोवर पाठ फिरवून निघाला होता. तो लंगडत कालव्याच्या काठाला लागला.

दोन शेतं ओलांडली असतील. नऊ वाजले. आज त्यानं फोन काढलाच नाही. तो चालत राहिला.

मग त्याच्या खिशातला फोन वाजला.

आम्ही सगळे थांबलो. मागे वळून पाहिलं, तर बागेच्या धुऱ्यावर विठ्ठलराव उभे, फोन कानाला लावलेला. पळसनं फोन उचलला. घाईत बोट स्पीकरवर पडलं, ते त्याला कळलंही नसेल. आम्हाला मात्र सगळं ऐकू आलं.

"पोचला काय ऑफिसात?"

पळस धुऱ्याकडे बघत राहिला. कुठे बैल हंबरला नाही, मोर ओरडला नाही.

"नाही बाबा," तो म्हणाला. "नोकरी सोडली मी. चार महिने झाले."

तिकडे विठ्ठलरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"थे बूट चावून राहिले तुले," ते म्हणाले. "काल पंगतीत पायाचे फोड पाह्यले मी. थांब तथीच. चप्पल घेऊन येतो."