झडप उभी, नळ उघडे

कॅरव्हॅनचा बॉयलर मेश्रामदादांमुळे फुटला नव्हता, माझ्यामुळे फुटला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला हे वाचूनच कळेल, आणि ती जे काही म्हणेल ते ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. पण हे आधी सांगितल्याशिवाय दादांबद्दल मी एक ओळही खरी लिहू शकणार नाही.

यशवंत मेश्राम मूळचे नागपूरचे. पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून इकडे डच मुलखात आले, आधी ब्रेडाला आणि मग उइटहॉर्नला, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे. उंची बेताची, आवाज मोठा, आणि नळाला कान लावायची सवय. कुणाकडे जेवायला गेले की हात धुऊन नळ बंद करायचे आणि खाली वाकून ऐकत राहायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बायको घाबरलीच. "काही नाही जी," दादा म्हणाले, "तुमचा नळ बंद करूनही बोलून राहिला. वॉशर बदला." पुढच्या रविवारी पान्हा घेऊन स्वतःच हजर.

आम्ही चार मराठी घरांनी मिळून एक जुनी कॅरव्हॅन, मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतली होती: मेश्राम, प्रभुणे, देवरे आणि आम्ही. गावाबाहेर एका डच शेतकऱ्याच्या कुरणाला लागून ती उभी असे. उन्हाळ्यात आळीपाळीने सगळे जात. ऑक्टोबरअखेर तिच्यातलं पाणी काढायचं काम मात्र एकट्या दादांचं. इथले लोक याला विंटरक्लार करणं, म्हणजे हिवाळ्यासाठी सज्ज करणं, म्हणतात. पाणी आत राहिलं तर थंडीत गोठून फुगतं आणि ज्यात असेल ते फोडतं, एवढी साधी गोष्ट. प्रभुणे एकदा म्हणाले, "टाकी रिकामी केली की झालं ना दादा? दहा मिनिटांचं काम." दादा हसले. "टाकीतलं पाणी कोणालाही दिसते. माझं भांडण न दिसणाऱ्या पाण्याशी आहे."

ते भांडण अर्धा दिवस चाले. टाकीतला पंप बाहेर काढून झटकायचा. शॉवरचं डोकं काढून नळी खाली सोडायची. नळाची मूठ वर करून बरोबर मधोमध ठेवायची, म्हणजे गरम आणि गार दोन्ही वाटा मोकळ्या होतात. मग बाकाखालच्या बॉयलरची पिवळी झडप उभी करायची; उभी म्हणजे उघडी, आडवी म्हणजे बंद. बॉयलरमधलं दहाएक लिटर पाणी गाडीखाली गवतात धो धो पडे. त्यानंतर दादा पुढच्या टेकूच्या चाकाची मूठ फिरवून गाडी आधी पुढे कलती करत, मग मागे, आणि शेवटी रबरी नळी तोंडात धरून गाल लाल होईपर्यंत फुंकत. सगळं झालं की दारात उभे राहून, कोणी ऐको न ऐको, मोठ्यानं म्हणत, "झडप उभी, नळ उघडे!"

त्या वर्षीही त्यांनी हे सगळं केलं. मी समोर होतो. झडप उभी केलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पंधरा दिवसांनी दिवाळी आली आणि त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर परमिट जाणार, म्हणजे घर, मुलीची शाळा, सगळंच. घरी सांगायची हिंमत झाली नाही. दूर ग्रोनिंगनला क्लायंटकडे दोन दिवस जावं लागतंय, अशी थाप मारली, लॅपटॉप उचलला आणि कॅरव्हॅनमध्ये जाऊन बसलो. अर्ज करायचे होते, आणि खरं सांगायचं तर कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे बॅग उघडली तर बायकोनं आत तेलाची छोटी बाटली आणि उटण्याची पुडी ठेवलेली. चिठ्ठी होती: "हॉटेलात असलास तरी आंघोळ कर नीट." मला रडू आलं. मी शेतकऱ्याच्या नळावरून दोन कॅन पाणी आणलं, पंप जोडला, पिवळी झडप आडवी केली, गॅस पेटवून बॉयलर तापवला आणि त्या अंगाएवढ्या खोपटात अभ्यंगस्नान केलं. निघताना टाकी रिकामी केली. पंप काढला, नळही उघडे ठेवले. झडप विसरलो.

डिसेंबरात नोकरी मिळाली. फेब्रुवारीत आठवडाभर कालवे गोठले, पोरं बर्फावर स्केटिंग करत होती आणि मीही कडेला उभा राहून फोटो काढत होतो. मला काहीच आठवलं नाही.

मार्चअखेर प्रभुण्यांनी टाकी भरली आणि बाकाखालून पाण्याचा लोट आला. बॉयलर उभा चिरला होता, खालची फळी फुगली, आणि झडप आडवी. त्या रविवारी चारही घरं प्रभुण्यांकडे चहाला जमली.

"आम्ही दोष देत नाही, दादा," प्रभुणे म्हणाले. "वय होतं माणसाचं. चूक झाली एवढं म्हणा, विषय संपला."

"झाली असती तर म्हटलं असतं. न केलेली चूक काऊन कबूल करू?"

"झडप बंद होती ना?"

"होती. मी नाही केली."

"मग काय भुतानं केली?" देवरे म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिणं मला झडपेबद्दल लिहिण्यापेक्षा जड जातंय.

मग प्रभुणे कपात बघत म्हणाले, "काय आहे, काही लोकांना जबाबदारीची पिढ्यान्‌पिढ्या सवय नसते."

आम्ही तिन्ही घरं कोण आणि मेश्राम कोण, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. सात समुद्र ओलांडून आलो तरी ते आम्ही बरोबर आणलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते वाक्य तिथेच मेलं असतं. मी बिस्कीट उचललं.

दादा उठले. त्यांच्या बायको निर्मलावहिनी आधीच उभ्या राहिल्या होत्या. "प्रभुणे, माझ्या पिढ्यांचं तुम्ही नका सांगू," दादा म्हणाले. "गाडीत माझा हिस्सा आहे. किल्ली मी देत नाही. ऑक्टोबरात येईन आणि माझं काम करीन. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

आणि ते आले. आमच्या ग्रुपवर मेसेज पडला होता की बॉयलर नवा आहे, पाणी काढायला आता मेकॅनिक लावू. मेकॅनिक येऊन गेला तरी दादा पावसात सायकलवरून हत्यारांची पेटी घेऊन आले, त्याचं सगळं काम पुन्हा तपासलं आणि उभ्या झडपेवर कागदी पट्टी चिकटवून तारखेसकट सही ठोकली. "आता भूत आलं तर माझी सही फाडून जाईल," एवढंच त्यांनी ग्रुपवर लिहिलं. सहलींना त्यांना कुणी बोलावत नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नाही. पण तीन वर्षं, दर ऑक्टोबरला, ती सही नवी होत राहिली.

तिसऱ्या वर्षी मी गेलो. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेलो. दादा कॅरव्हॅनमध्ये जमिनीवर आडवे होते, कान बाकाखालच्या नळीला. मी टॉर्च धरला.

"दादा, त्या वर्षी दिवाळीत..."

"टॉर्च हलून राहिला. सरळ धरा."

मी सरळ धरला. पुन्हा म्हणालो, "दादा, ती झडप..."

त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि उठून बसले. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "हे बघा. मी केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला सांगून काय फायदा? माझ्या कानात कबूल कराल, चहा घेऊन मोकळे होऊन घरी जाल. ते नाही चालणार जी. जे हसले त्यांच्यासमोर सांगायचं. नाहीतर सांगूच नका, आणि मी माफ केलं असं समजूनही घेऊ नका."

"सांगतो, दादा."

"बरं. टॉर्च धरा."

मी सांगितलं नाही. ख्रिसमसनंतर सांगू, मग मुलीच्या परीक्षेनंतर, असं चाललं. जूनमध्ये दादा सायकलवरून घरी येताना छातीत कळ येऊन गेले.

शोकसभा उइटहॉर्नच्या एका छोट्या हॉलमध्ये झाली. त्रिशरण-पंचशील झालं, नागपूरहून भाऊ व्हिडिओवर बोलले. मग प्रभुणे उभे राहिले. चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "एकच गोष्ट होती. माणूस चुकला तरी कबूल करायचा नाही." लोक प्रेमानं हसले, गेलेल्या माणसाच्या हट्टावर हसतात तसे. निर्मलावहिनी हसल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेतून उठल्या आणि मागे वळून खड्या आवाजात म्हणाल्या, "ते चुकलेच नव्हते." एवढंच बोलून बसल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. तिथेच बसून राहिलो.

लिहिणं हे सांगणं नव्हे, हे मला कळतं. दादांनी कागदावर मागितलंच नव्हतं. प्रभुणे आणि देवरे यांच्यासमोर, निर्मलावहिनींच्या देखत, उभं राहून "झडप मी बंद केली होती" हे माझ्या तोंडानं म्हणणं मी मेश्रामदादांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.