चावी हातात, इंजिन चालू

डिझेल इंजिन सुरू करणं म्हणजे माणसाने पोलादात प्राण फुंकणं. हे वाक्य आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, खास भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरवरून ते हे दोनदा म्हणाले. पहिल्यांदा माइक बंद होता.

उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं, म्हणून सोसायटीने टँकर करण्यासाठी एक म्हातारा ट्रक घेतला होता. ड्रायव्हर ठेवायचा नाही, सभासदांनीच शिकायचं, लायसन्सचं नंतर बघू, असा ठराव झाला. हा रविवारचा पहिला वर्ग. बॉनेटवर झेंडूच्या माळा, बंपरवर फोडलेल्या नारळाचं पाणी, त्या पाण्यावर माश्या, आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्वतः अध्यक्षच.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. ट्रकचा सायलेन्सर बरोबर आईच्या खिडकीखाली होता आणि आईला दमा आहे. ट्रक जरा पुढे घ्या, असं मी आदल्या दिवशीच सांगून आलो होतो. पुढे घेतला तर फोटोत कार्यक्रमाचा मांडव येत नाही, असं उत्तर मिळालं.

अध्यक्षांनी नवशिक्यांना सगळं रीतसर समजावलं. गिअर न्यूट्रलला आहे ना ते दांडा हलवून पाहावं, हँडब्रेक ओढलेला असावा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. पट्टी त्यांनी खिशातल्या रुमालाने पुसली आणि थोड्या वेळाने त्याच रुमालाने कपाळ पुसलं. मग चावी फिरवली. ट्रक खोकला, हादरला आणि त्याने काळ्या धुराचा लोट सोडला. टाळ्या झाल्या.

धूर सरळ वर आला. खिडकी लावली तरी फटींतून येत राहिला. चादरीवर काजळी बसली, जिभेवर तेलकट चव. आई उठून बसली. तिचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. पंप दिला, फरक पडेना.

"त्या माणसाला सांग," ती तुटक म्हणाली, "पुरे."

मी खाली धावलो तेव्हा अध्यक्षांनी इंजिन बंद केलेलं होतं, म्हणजे त्यांच्या मते. चावी त्यांच्या हातात होती आणि इंजिन धडधडत होतं. त्यांनी चावी पुन्हा घातली, पुन्हा काढली. इंजिनाला त्याचं काही नव्हतं.

"साहेब, त्याला अजून तुमचं भाषण ऐकायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, प्राण फुंकून झाले असतील तर पापड आत घेऊ का, अर्धे काळे झालेत. अध्यक्षांनी माइक उचलला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "इंजिन गरम होत आहे. हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे."

आईची खिडकी धुरात दिसेनाशी झाली होती. मी केबिनमध्ये चढलो. सीटमध्ये कुणाकुणाचा वर्षानुवर्षांचा घाम मुरलेला, दाराच्या आतून गुटख्याच्या पिचकाऱ्या. किळस गिळून डॅशबोर्डवर दिसेल ते दाबत, ओढत सुटलो. हेडलाइट लागले. हॉर्न वाजला. शेवटी खालच्या बाजूला एक चिकट, काळी मूठ हाताला लागली. ती ओढून धरली, तसं इंजिन एक उचकी देऊन गप्प झालं. अशा जुन्या गाड्यांत चावी काढून इंजिन बंद होत नाही. त्याचं डिझेल या मुठीने तोडावं लागतं. हे अर्थात मला नंतर कळलं.

इंजिन बंद करण्याचं दुसरं प्रात्यक्षिकही यशस्वीरीत्या पार पडल्याचं अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं आणि पेढे वाटले. माझ्या पेढ्यावर माझ्याच बोटांचे काळे ठसे उमटले. तो मी नारळाच्या पाण्यावरच्या माश्यांना दिला.

वाफेचं मशीन लावल्यावर आईचा श्वास संध्याकाळी ताळ्यावर आला. तिची चादर, उशी, पडदे, सगळं काळं झालं होतं. धुवायला टँकर विकतच मागवला. आमच्या ट्रकवर टाकी अजून बसवायची आहे.