साठ माणसांचं दार

एकतीस वर्षं चित्रपटगृहाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला घरात बसवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायको-मुलीला विचारावं. साथीची दुसरी लाट आली, सरकारनं सगळी चित्रपटगृहं बंद करायला लावली, आणि दुसऱ्याच दिवसापासून बाबा दुपारी तीनला इस्त्रीचा शर्ट घालून घराच्या दारात उभे राहू लागले. आई म्हणायची, "अहो, आत या. इथे कोण येणार आहे तिकीट घेऊन?" ते निमूट आत यायचे आणि सहाच्या खेळाला पुन्हा दारात हजर.

सगळा भाग त्यांना हाऊसफुल काका म्हणायचा. आतल्या खुर्च्या भरल्या की ते दारात हात आडवा धरायचे, तो एकच शब्द बोलायचे, आणि मग समोर कुणीही येवो, हात खाली यायचा नाही. एकदा खुद्द मालकाचा मेहुणा चार मित्रांना घेऊन आला आणि म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे ना?" काका म्हणाले, "आहे की. तिकीट?" मेहुण्यानं तिथूनच मालकाला फोन लावला. मालक जिना उतरून खाली आला, दोघांची तोंडं बघितली आणि गुपचूप पुढच्या खेळाची तिकिटं काढायला तिकीटखिडकीकडे वळला. काका हा किस्सा इतक्या वेळा सांगायचे, की मेहुण्याच्या मिश्या दर वेळी थोड्या वाढायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी आरोग्य खात्यात होती. लाटेच्या त्या दिवसांत खात्यातली निम्मी माणसं आजारी, आणि उरलेल्या निम्म्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, अशी अवस्था होती. दवाखान्यांत खाट मिळेना. भाजीबाजार उघडे ठेवायचे की बंद करायचे, यावर वरच्या लोकांत बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी आदेश निघाला: विक्रेते सोडून एका वेळी साठ माणसं आत. त्यापेक्षा एक जरी जास्त सापडलं, तर दुसऱ्या दिवसापासून बाजाराला कुलूप. आता हे साठ मोजायचे कुणी? खात्यानं बसचे कंडक्टर, शाळांचे शिपाई अशी घरी बसलेली माणसं दारांवर नेमायला घेतली. मुलीनं बाबांचं नाव दिलं.

"सिनेमाचा दारवान?" तिचे साहेब म्हणाले. साहेब वाईट नव्हते. पण महिनाभर धड झोप नसल्यानं ते नाकावर माशीही बसू देत नव्हते.

"एकतीस वर्षं गर्दी सांभाळलीय त्यांनी, सर. जबाबदारी माझी."

"तुझीच राहील," साहेब म्हणाले, आणि सही केली.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. खात्यानं प्रत्येक घराला आठवडाभर चालेल असा एक जाड कागदाचा पास दिला होता. दारवानानं तो नुसता बघायचा आणि माणसाला आत सोडायचं. बाबा सातला बाजाराच्या दारात उभे राहिले. पहिली बाई आली, तिनं पास पुढे केला. बाबांनी तो घेतला, तिच्याकडे बघून मान डोलावली, टर्रकन मधोमध फाडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या खिशात टाकला. तिला वाटलं, अशीच पद्धत असेल. तिच्यामागच्यालाही तसंच वाटलं. त्रेचाळीस जणांचे आठवडाभराचे पास वीस मिनिटांत फाटले. चव्वेचाळिसावी एक आजी होती. ती पास छातीशी धरून ओरडली, "अरे मेल्या, पुढचे सहा दिवस मी काय खाऊ?" तेव्हा कुठे बाबांचा हात थांबला.

मुलगी धावत पोचली तेव्हा साहेब आधीच आलेले होते आणि बाबा मान खाली घालून उभे होते. तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"हात आपोआप गेला गं," ते हळूच म्हणाले.

साहेब कडाडले. "एक साधं काम! पास फाडून ठेवले ते ठेवले, आत तर नुसती जत्रा भरलीय. शंभर तरी माणसं असतील!"

"त्रेचाळीस आहेत," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

बाबांनी खिशातले अर्धे तुकडे काढून साहेबांच्या समोर धरले. "अजून कुणी बाहेर आलेलं नाही. जेवढे अर्धे माझ्या खिशात, तेवढी माणसं आत. सिनेमाला असंच असतं, साहेब. अर्ध्या तिकिटांवरून कळतं आत किती खुर्च्या भरल्या."

साहेबांनी दोन माणसं आत पाठवून मोजायला लावलं. त्रेचाळीस. साहेबांनी बाबांच्या हातातले तुकडेही मोजून पाहिले. शहरातल्या बाकीच्या चार बाजारांत आत किती माणसं आहेत हे त्या क्षणी देवालाही सांगता आलं नसतं, आणि इथे हा माणूस खिशात हात घालून सांगत होता. शेवटी ते म्हणाले, "फाटलेले पास बदलून देऊ, पण पुन्हा फाडायचे नाहीत. दुसरं काय हवं ते फाडा. आठ दिवस देतो. आठव्या दिवशी मी स्वतः मोजायला येईन. एकसष्ट निघाले तर बाजार बंद, आणि तुम्ही घरी."

बाबा त्याच दुपारी चित्रपटगृहाच्या मालकाकडे गेले आणि कोठीत पडून असलेली जुन्या तिकिटांची बंडलं मागून आणली. गुलाबी, हिरवी, पिवळी, प्रत्येकावर नंबर. दुसऱ्या दिवसापासून पास बघायचा आणि तिकीट फाडायचं. अर्धं माणसाच्या हातात, अर्धं दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात. माणूस बाहेर पडताना आपलं अर्धं परत देणार, बाबा त्याच नंबरचं दुसरं अर्धं डब्यातून काढणार. डब्यात साठ झाले की हात आडवा. रस्त्यावर खडूनं वर्तुळं आखली, एकेका वर्तुळात एकेक माणूस.

आणि गंमत म्हणजे लोकांना ते आवडलं. कितीतरी दिवसांत कुणी कुठे गेलं नव्हतं. हातात तिकीट आलं की मास्कच्या वरचे डोळे हसायचे. ती चव्वेचाळिसावी आजी तर रोज भांडायची, "मला बाल्कनीचंच दे, मेल्या. त्या पिवळ्या तिकिटावर टोमॅटो आंबट निघतात." बाबा तिला शोधून गुलाबी द्यायचे. घरी आले की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि जेवताना आईला सगळा वृत्तान्त सांगायचे. मुलगी घरोघर फिरून आजाऱ्यांच्या याद्या करून दमून यायची, पण तो वृत्तान्त ऐकायला बसायची. घराच्या दारात आता कुणी उभं राहत नव्हतं. आठवा दिवस जवळ यायला लागला तसा मात्र तिचा जीव टांगणीला लागला. बाजाराला कुलूप लागलं तर तीन वस्त्यांची भाजी तुटणार होती, आणि पहिल्या दिवशी दिसलेली ती खाली गेलेली मान तिला पुन्हा बघायची नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी दहाला साहेबांनी तिला सोबत घेतलं.

"बापाची मोजणी लेक करणार?" तिनं स्वतःच विचारलं.

"माझ्याकडे दुसरं माणूस आहे का?" साहेब म्हणाले. "तू मागच्या दारानं आत जा. ओट्यांमधून फिरून मोज. मी वरून मोजतो. त्यांना आधी कळता कामा नये."

बाजाराच्या मागे कचऱ्याची गाडी जायचं एक दार होतं. त्याची किल्ली खात्याकडे असायची. ती तिथून आत शिरली. साहेब समोरच्या कचेरीच्या गच्चीवर चढले. तिथून सगळा बाजार तळहातावर असल्यासारखा दिसायचा. तिनं ओट्यांच्या चारही रांगा दोनदा पालथ्या घातल्या. दोन्ही वेळा साठ. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

साहेब गच्ची उतरून दाराशी आले. ती आतून दारापाशी पोचली.

"आत किती?" साहेबांनी बाबांना विचारलं.

"साठ," बाबा म्हणाले.

"तुझे किती?"

"साठ," ती म्हणाली.

"माझे एकसष्ट," साहेब म्हणाले. "तीनदा मोजले." मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "वा! बाप-लेकीचा आकडा छान जुळला. माझा तेवढा चुकला, नाही का?"

तिचा चेहरा पांढरा पडला. रांगेतली माणसं पुढे झुकून ऐकू लागली. आजीनं पिशवी खाली ठेवली. साहेबांना जे वाटत होतं ते त्यांच्या जागी कुणालाही वाटलं असतं, हे मुलीला कळत होतं.

बाबांनी डबा उघडून आत पाहिलं. मग बाजाराकडे पाहिलं. मग मुलीकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"साहेबांचा आकडा बरोबर आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"मॅडम, तुमचं अर्धं तिकीट दाखवा."

ती बघतच राहिली. लहानपणापासून पोरी म्हणणारा हा माणूस तिला मॅडम म्हणत होता आणि हात पुढे करून उभा होता. तिनं खिसा चाचपला, जणू तिकीट असणारच होतं.

"नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे एकसष्टाव्या तुम्ही. मॅडमनी साठ मोजले ते बरोबर, त्यांनी स्वतःला धरलं नाही. साहेबांनी वरून विक्रेते सोडून सगळीच डोकी मोजली, तेही बरोबर. माझ्या डब्यात साठ आहेत, ते तर मोजूनच घ्या. बाहेर या, मॅडम."

साहेबांनी डबा जवळच्या ओट्यावर पालथा केला आणि एकेक अर्धं तिकीट सरकवत मोजलं. साठ भरली, तशी ती परत डब्यात टाकली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. तोवर मुलगी दाराबाहेर येऊन उभी राहिली होती.

"अहो, मग प्रश्नच मिटला," साहेब ओशाळून म्हणाले. "ती खात्याची माणूस. कामासाठी आत गेली. तिला धरायचं नसतं. साठ लिहू आपण."

"थिएटरात मालकाची माणसंसुद्धा खुर्चीच अडवतात, साहेब," बाबा म्हणाले. "आदेशात विक्रेते सोडून साठ माणसं असं आहे. खातं सोडून असं कुठं आहे? आणि या मॅडम तर रोज आजाऱ्यांच्या घरांतून येतात. सगळ्यात आधी त्यांनाच मोजायला पाहिजे."

"एकसष्ट लिहिलं तर वरचे लोक बाजार बंद करतील. मग तुम्ही काय करणार?"

"घरी बसेन," बाबा म्हणाले. घरी बसणं त्यांना कसं जड जायचं, हे तिथे फक्त एकीलाच ठाऊक होतं.

अहवाल तिनं लिहायचा होता. साहेब दुसरीकडे बघत होते. साठ लिहिलं असतं तर त्यांनी हूं की चूं केलं नसतं. तिनं बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. एक माणूस बाहेर पडत होता, त्याच्या अर्ध्या तिकिटाचा जोडीदार ते डब्यात शोधत होते. तिनं लिहिलं: मोजणी एकसष्ट. दाराच्या डब्यात साठ. एक व्यक्ती मागच्या दारानं, तिकिटाशिवाय आत शिरली. ती व्यक्ती मी. दारवानानं तिला बाहेर काढलं. खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

त्या दुपारी घरात जेवणं झाली ती मुकाट्यानं. आईनं दोनदा विचारलं, "काय झालंय काय तुम्हा दोघांना?" बाबा म्हणाले, "काही नाही. हिनं अहवाल चांगला लिहिला."

आदेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिनं तो कचेरीत उभ्या उभ्या वाचला. बाजार सुरू राहील. बाकीच्या चारही बाजारांत आठवड्याच्या आत तिकीट पद्धत लागू करावी; तिथल्या दारवानांना या बाजाराच्या दारवानांनी शिकवावं. आणि शेवटी एक ओळ होती: यापुढे आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी, ते कोणत्याही पदावर असोत, पुढच्या दारानं आणि तिकीट घेऊनच बाजारात जावं.

शेवटची ओळ वाचून तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. कागद बाबांना द्यायला ती बाजाराकडे निघाली. दारात बाबांचा हात आडवा होता. म्हणजे आत साठ. ती रांगेच्या शेवटी गेली आणि खडूच्या वर्तुळात उभी राहिली. थोड्या वेळानं साहेब आले. ते थेट दाराकडे निघाले होते, पण तिला रांगेत पाहून थबकले, घुटमळले आणि तिच्यामागच्या वर्तुळात येऊन उभे राहिले.

"फार कडक आहे हो तो माणूस," पुढच्या वर्तुळातली एक नवखी बाई मागे वळून तिला म्हणाली. "ऐकलंत का, काल म्हणे स्वतःच्या मुलीला बाहेर काढलं!"

"ऐकलं," ती म्हणाली. "मीच ती."

तिला वाटलं होतं तेवढ्या हळू ते निघालं नाही. साऱ्या रांगेला ऐकू गेलं.